हे बी गेलं

देऊळगाव राजा
२ जुलै २०१८

प्रेरणाच्या बाबांना,

नमस्कार. आम्ही दोघी इथं बऱ्या आहोत. प्रेरणाचं नाव सहावीत घातलं. शाळा कारभारीदादाच्या घरापासून जवळच आहे, पायी जाते. शाळेचा दाखला तुम्ही अडवून धरला नाही, गुरुजींना सांगून पाठवून दिलात, ते माझ्या लक्षात आहे.

माझा फोन बिघडला नाही, मी बंद केला आहे. मागच्या वेळी आपण बोललो ते तुम्ही रेकॉर्ड केलं आणि शेजारच्या जानरावभाऊंना ऐकवलं. त्यांच्या घरच्यांनीच मला सांगितलं. आपल्या भांडणात जानरावभाऊंचं काय काम होतं? म्हणून आता कागद. नवऱ्याला पत्र लिहायची मला सवय नाही, वर काय लिहावं याचाच विचार करत बराच वेळ बसले. कागदाचाही फोटो काढून ग्रुपवर टाकता येतो, हे कळतं मला. टाकू नका.

दादाच्या फोनवरही निरोप पाठवू नका. परवा तुमचा मेसेज आला तेव्हा फोन ताटाजवळ पडला होता. तो टिंग वाजल्याबरोबर प्रेरणानं हातातला घास खाली ठेवला आणि पाठ ताठ करून बसली. कौशल्यावहिनी म्हणाली, "अगं, जेव ना, तो आवाज तुझ्यासाठी नाहीये." ती जेवली. पण मी पाहिलं ते पाहिलं.

शेगावच्या कार्यक्रमाचं दादानं सांगितलं. कापूसवाल्यांचा मेळावा आहे, मोठं स्टेज आहे, पुढारी येणार आहेत आणि तिला तिथं ते वाक्य परत बोलायला लावायचं आहे. ती येणार नाही. मी गजानन महाराजांच्या दर्शनाला तिला कधीही नेईन, पण स्टेजवर नाही.

तिला इथं अजून कोणी ओळखलेलं नाही. त्या व्हिडिओत दोन वेण्या आहेत, लाल फिती आहेत. तिनंच वहिनीला केस कापून मागितले. आता मानेपर्यंत आहेत. शेजारच्या राबियाआपांची नाजिश तिच्याच वर्गात आहे, दोघी बरोबर जातात.

तुम्ही विचारलं ती आठवण काढते का. काढते. बकरी व्याली का विचारत होती. झोपते नीट, खाते नीट.

पेरणी झाली असेल. पुन्हा कापसाची पऱ्हाटीच लावली का? नाल्याकडच्या तुकड्यात तरी तूर टाका.

प्रेरणाची आई


देऊळगाव राजा
१९ जुलै २०१८

प्रेरणाच्या बाबांना,

तुमचं पत्र मिळालं. एकच ओळ लिहिलीत, 'मी काय वाईट केलं ते लिहून कळव.' रागानं लिहिली असेल, पण मी ती खरीच धरते आणि लिहिते. तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, कागदाचा हा एक फायदा.

पहिल्या व्हिडिओचा मला राग नाही. तेवढं आधी सांगते.

त्या दिवाळीनंतर आपली पऱ्हाटी कशी दिसत होती ते आठवा. हिरवीगार, बोंडांनी लदलेली. तुम्हीच म्हणायचे, बीटी आहे, अळीचं भ्याव नाही. मग वेचणीला बाया लावल्या आणि बोंड फोडलं की आत ती गुलाबी अळी, कापूस काळा, चिकटलेला, सरकीसुद्धा पोखरलेली. तुम्ही थैलीभर बोंडं घेऊन चिखलीच्या कृषी ऑफिसात गेलात. संध्याकाळी तीच थैली घेऊन परत आलात. मामंजींनी विचारलं, "काय म्हणाले साहेब?" तुम्ही म्हणालात, "कोणी मान वर करून पाह्यलंच नाही." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रेरणाला बांधावर बसवलं आणि म्हणालात, "तू फोड, मी शूटिंग करतो. साहेबाले डोळ्यानं दिसलं पाह्यजे." ती एकेक बोंड फोडत गेली. दर वेळी तिला वाटायचं, हे तरी चांगलं निघेल. "बाबा, हे बी गेलं. हे बी गेलं." असं म्हणता म्हणता ती रडायला लागली. तिला कोणी रडवलं नव्हतं. लेकराला वाईट वाटलं, ते रडलं.

तुम्ही तो गावाच्या ग्रुपवर टाकला. पुढं तो कुठं कुठं गेला ते तुम्हालाही ठाऊक नाही. आठवड्याच्या आत साहेब आपल्या दारात. गावभर पंचनामे झाले. ज्यानं मान वर केली नव्हती त्यानं आपल्या ओसरीत बसून चहा घेतला, आणि मी कपाटातल्या नव्या कपबशा काढल्या. तुम्ही त्या दिवशी किती सरळ बसला होतात! लग्न झाल्यापासून तुम्हाला तसं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिथं थांबायला पाहिजे होतं.

दुसऱ्या व्हिडिओत तुम्ही स्वतः बोललात. खतावर, भावावर, विम्यावर. चांगलं बोललात. कोणी पाहिला नाही. खाली लोकांनी लिहिलं, 'पोरगी कुठं आहे? तिला बोलू द्या.' मग तिसऱ्यात तिला बोलवलं. तिनं सगळं पाठ करून म्हटलं, पण रडली नाही, आणि तोही कोणी पाहिला नाही. मग चौथ्याच्या वेळी मी चुलीपाशी होते, तेव्हा तुमचा आवाज ऐकला. "बाम थोडासाच लाव. डोळ्याच्या खाली. झोंबन, पण पाणी लवकर येते."

मी भाकरी टाकून बाहेर आले होते. तुम्ही म्हणालात, "आपल्यासाठी करून राह्यलो काय? साऱ्या कास्तकारांचं काम हाय हे." मी परत आत गेले. पुढं पुढं तर ती स्वतःच लावायची. तुम्हाला सांगावंही लागायचं नाही. बामाची डबी तिच्या दप्तरात असायची.

तिचं वाक्य मग लोकांचं खेळणं झालं. क्रिकेटचा गडी आउट झाला की त्यावर आपल्या पोरीचा आवाज, 'हे बी गेलं'. कोणाचा पायजमा फाटला की तोच आवाज. चिखलीच्या एसटीत एका पोराच्या फोनची रिंगच ती होती. वाजली, सारी गाडी हसली. प्रेरणा माझ्या मांडीशी बसली होती. तीही हसली. सगळ्यांकडे पाहून, थोडं उशिरा. ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शाळेत गणिताचा पेपर वाटताना गुरुजींनी तिचा पेपर हातात घेतला की पोरं एका सुरात ओरडायची. गुरुजीसुद्धा एकदा हसले म्हणे.

आणि ते खाली लिहिलेलं. तुम्ही तिलाच वाचायला लावत होतात, 'धन्यवाद काका, धन्यवाद मावशी' असं उत्तर द्यायचं म्हणून. तिनं सगळं वाचलं. पढवून ठेवलेली पोर आहे, बापानं धंदा मांडला आहे, काळी आहे, दात पाहा. आणखी एका माणसानं लिहिलं होतं ते मी इथं लिहू शकत नाही. तिनं मला त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "दुर्लक्ष कर म्हणा." दहा वर्षांच्या लेकराला दुर्लक्ष करता येतं का? मला या वयात येत नाही.

आता आत्याबाईंचं. यावर आपण कधी बोललोच नाही.

प्रेरणा जन्मल्यापासून या आजीच्या कुशीत झोपली. आजी गेली तेव्हा सकाळ होती. बाया जमल्या, रडारड सुरू झाली. प्रेरणा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळे कोरडे. मला वाटलं, धक्का बसला. मी तिच्याकडे जाणार तोच ती तुमच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आत्ता करायचा का मंग करायचा?"

तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिजे होता. तिला माझ्याकडे लोटून द्यायला पाहिजे होतं. तुमची स्वतःची माय समोर निजलेली होती. तुम्ही क्षणभर थांबलात, तेही मी पाहिलं. मग खिशात हात घातलात.

ती आत गेली, दप्तर उघडलं, बाम लावला, आणि येऊन आजीच्या डोक्याशी बसून रडली. जमलेल्या बाया म्हणाल्या, पोरीचा किती जीव होता! जीव होताच हो. म्हणून तर सांगते.

लोक स्मशानातून परत यायच्या आत तो व्हिडिओ गेला होता. दुपारी खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'हे बी गेलं.' आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. प्रेरणानं ते मला दाखवलं नाही. ती नुसती अंगठ्यानं वर सरकवत होती, वर सरकवत होती. मी मागून पाहिलं.

तेरवी झाली आणि मी निघाले. तुम्ही साऱ्या गावाला सांगता, माहेरच्यांनी शिकवलं. मला कोणी शिकवलं नाही.

मामंजींना नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्याला तेल लावणारं आता कोणी नाही, तेवढं तुम्ही बघा.

प्रेरणाची आई


देऊळगाव राजा
१२ ऑगस्ट २०१८

प्रेरणाच्या बाबांना,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ती नीट झोपते, नीट खाते. ते खरं नव्हतं. तुमच्यापुढं मला हरायचं नव्हतं. मी घेऊन आले आणि पोरगी बरी झाली, असं दाखवायचं होतं.

ती पापण्यांचे केस उपटते. एकेक करून. आधी मला वाटलं डोळे आलेत म्हणून चोळते. एका डोळ्याच्या पापण्या आता जवळजवळ नाहीतच. विचारलं तर म्हणते, "मले मालूमच नाही पडत, आई." शाळेतून येते ती भिंतीकडे तोंड करून बसते. गेल्या महिन्यात दगडावर पडली, गुडघा फुटला, टाके घालावे लागले. डॉक्टर टाके घालत होते आणि ती दुसऱ्याच कोणाचा पाय असल्यासारखी पाहत होती. वहिनी रडली. ही नाही. आजीजवळ बसली होती त्या दिवसापासून ही रडलेलीच नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. गेल्या सोमवारी दुपारी राबियाआपा आल्या. त्या इथं कपडे शिवतात, त्यांच्याकडे मीही आता काजं-बटनाचं काम घेते. दार लोटून घेतलं, हातात फोन होता. म्हणाल्या, "द्वारका, बुरा मत मानना. मेरे मोबाईल में तेरी बेटी के व्हिडिओ हैं. नाजिशने नहीं निकाले, मैंने पूछा उसको. ये खुदच आके बनाती, खुदच." मग मराठीत म्हणाल्या, "कुठं पाठवले नाहीत तिनं. फक्त बनवून ठेवले. तू पाहून घे, मग पुसू आपण."

मी पाहिले. माझ्या मनात आलं होतं तसलं काही नव्हतं. "नमस्कार मंडळी, मी प्रेरणा. आज मी शाळेत गेली. आज मी भेंडीची भाजी खाल्ली. मामीनं केली. तुम्ही जेवले काय?" मग ती गप्प बसते, जणू पलीकडून कोणी उत्तर देणार आहे. मान हलवते. "हाव. बरं. धन्यवाद मावशी." असेच सगळे. पाठीमागं राबियाआपांच्या मशीनचा आवाज आहे.

मी तिला रागावले नाही. जवळ घेऊन विचारलं, "कोणाशी बोलत होतीस गं?" तर म्हणाली, अकोल्याची एक मावशी होती. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलेली. ती रोज खाली लिहायची, 'बाळा, जेवलीस का?' कितीही वाईट लिहून आलं तरी तिचं ते असायचंच. "तिले वाटत असन मी मेली," प्रेरणा म्हणाली.

मी म्हटलं, "मी विचारते ना तुला, जेवलीस का म्हणून?"

"तू तर आई हायेस."

"मग?"

"तुले विचाराच लागते. इथं मले कोणीच नाही पाहात, आई."

मी म्हटलं, मी पाहते. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण लहान पोराकडे टाकतो, त्याला समजत नाही म्हणून.

मी समजत होते की ते यंत्र तिच्यापासून दूर नेलं की झालं. तसं नाही. तिला ते नकोही आहे आणि हवंही आहे.

शुक्रवारी जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मुलांच्या मनाचं पाहणाऱ्या बाई डॉक्टर आहेत, आठवड्यातून एकदा बसतात. त्यांनी गोडीनं विचारलं, "तुला काय काय करायला आवडतं?" प्रेरणा माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "काय सांगू?" शूटिंगच्या आधी तुम्हाला विचारायची ना, अगदी तसं. डॉक्टरबाईंनी ते ऐकलं.

त्यांचं म्हणणं, वेळ लागेल. महिने लागतील. दर वेळी आणा, गोळ्यांनी हे जात नाही. आणि विचारलं, वडील कुठं आहेत? मी म्हटलं, गावी. त्या म्हणाल्या, त्यांना येऊ द्या. मोबाईल न घेता येऊ द्या. तिला तिचे वडील मोबाईलच्या मागंच दिसलेत एवढे दिवस, तोंड दिसलंच नाही.

हे बाईंचे शब्द आहेत, माझे नाहीत. पण मलाही वाटतं तुम्ही यावं. एखाद्या रविवारी या. चिखलीहून सकाळची गाडी आहे. मी भांडणार नाही.

प्रेरणाची आई


देऊळगाव राजा
३० ऑगस्ट २०१८

मी तुम्हाला या म्हटलं होतं. तुम्ही आला नाहीत. तुम्ही व्हिडिओ टाकलात.

'द्वारका, घरी ये. माही लेक मले दे.' वावरात उभे राहून, हात जोडून, माझं नाव घेऊन. पंधरा वर्षांत चारचौघांत तुम्ही कधी माझं नाव घेतलं नाही आणि आता साऱ्या जगासमोर घेतलंत. खाली लोकांनी काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंच असेल. मी कोणाबरोबर पळाले, माझ्या भावानं मला कशाला ठेवून घेतलं. कोणीतरी दादाच्या दुकानाच्या पाटीवरचा नंबर शोधून टाकला. दोन दिवस लोक फोन करून शिव्या देत होते. दादानं दुकान बंद ठेवलं. मला तो एक शब्द बोलला नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, दार लावून घ्या."

शाळेतल्या पोरींनी तो प्रेरणाला दाखवला. आता तिला इथं सगळे ओळखतात. कापलेल्या केसांचा काही उपयोग झाला नाही.

ती घरी आली तेव्हा मी तोंडावर पदर घेऊन बसले होते. ती माझ्या शेजारी बसली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आई, तू कोणाले उत्तर नको देऊ. उत्तर देलं की अजून लिहितात. दोन-तीन दिवस राह्यते, मंग लोकाईले दुसरं काही भेटते."

अकरा वर्षांची आहे ती. मला समजावत होती.

तो काढा. सगळे काढा. काढल्याशिवाय या दारात येऊ नका.


देऊळगाव राजा
२१ ऑक्टोबर २०१८

प्रेरणाच्या बाबांना,

तुम्ही गाडीत बसलात त्याला तीन दिवस झाले. तेव्हापासून हे पत्र लिहू की नको असं चाललं आहे.

आधी चांगलं ते लिहिते. तुम्ही सगळं काढून टाकलंत, चॅनल बंद केलंत, हे जानरावभाऊंनी दादाला सांगितलं होतं. एवढे लोक ज्याला ओळखायला लागले तो माणूस आपल्या हातानं ते पुसून टाकतो, हे सोपं नाही. मला ते कळतं. बोंडांचा तो पहिला व्हिडिओ मात्र तुमच्या हातात राहिलेला नाही. या साली पुन्हा अळी आली तशी बातम्यांमध्ये पुन्हा तोच दाखवतात. परवा चहाच्या टपरीवर लागला होता. त्याला तुम्ही काय करणार आणि मी काय करणार.

दसऱ्याच्या दिवशी तुम्ही आलात. गाव सगळं बालाजीकडे गेलं होतं, घरात आम्ही दोघीच. तुम्ही पिशवीत सीताफळं आणलीत, मळ्यातली. दादाच्या घरात पाहुण्यासारखे चपला बाहेर काढून उभे राहिलात. वाळलात तुम्ही. दाढीत पांढरं दिसतं आता.

प्रेरणानं आधी तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, खिशाकडे पाहिलं. तुम्हाला दिसलं की नाही कोणास ठाऊक.

"मोबाईल नाही आणला?"

"नाही आणला, बेटा."

"मंग?"

तुम्ही दोघं समोरासमोर बसलात. तुम्ही विचारलं, शाळा कशी आहे. ती म्हणाली, चांगली हाय. तिनं विचारलं, बकरी? तुम्ही सांगितलं, दोन पिल्लं झाली, एक पांढरं आहे. आबाचे गुडघे? दुखतेत. मग संपलं. मी आत चहा टाकत होते आणि मनात म्हणत होते, काहीतरी बोला हो, काहीही बोला.

आणि तुम्ही म्हणालात, "प्रेरणा, माहं चुकलं, बेटा." आणि रडायला लागलात. खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून, हुंदके देऊन. मी तुम्हाला आत्याबाई गेल्या तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. चहा उतू गेला, मी गॅस बंद करून दाराशी आले.

ती उठली. तुमच्याजवळ आली, दुपट्टा बाजूला केला, तुमची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तोंड वर केलं, बाहेरच्या दाराच्या बाजूला वळवलं. तुम्हाला वाटलं लेकीनं माफ केलं. तुम्ही तिला छातीशी धरलंत आणि आणखी रडलात. दादा परत आला तेव्हा त्यानं तुम्हाला तसंच पाहिलं आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. गाडीत चढताना तुम्ही मला म्हणालात, "आता सारं ठीक होते, द्वारका. दिवाळीले दोघीले घरी नेतो." तुमचा चेहरा इतका हलका झाला होता की माझ्या तोंडून काही निघालं नाही.

तुमच्या हुंदक्यांत तुम्हाला ऐकू आलं नाही. मी दाराशी होते, मला आलं. तुमचं तोंड वळवताना ती म्हणाली, "इकडं करा, बाबा. उजेड दाराकून येऊन राह्यला. हां, आता दिसते."

तिनं वाईट मनानं नाही केलं. तिला तुमची कीव आली होती, खरीच आली होती. पण तिला आता तेवढंच येतं. समोर माणूस रडत असला तर त्याचं रडणं नीट दिसलं पाहिजे, एवढंच तिला कोणीतरी शिकवलंय, आणि ते ती प्रेमानं करते.

हे तुम्हाला सांगू नये असं दादाचं म्हणणं. बापाला एवढं तरी सुख घेऊ दे म्हणाला. पण तुम्ही दिवाळीची तयारी कराल, मामंजींना सांगाल, अंगण सारवून घ्याल, आणि मग मी नाही म्हणेन. त्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

दिवाळीला आम्ही येणार नाही. मी तुम्हाला सोडलेलं नाही, हे कोणी विचारलं तर सांगा. तुम्ही येत जा. दर रविवारी जमलं नाही तर पंधरा दिवसांनी या. काही बोलता आलं नाही तरी बसून जा. तुम्ही गेल्यावर तिनं एक सीताफळ फोडलं आणि अर्धं माझ्यासमोर ठेवलं. एवढीच गोष्ट आहे सांगण्यासारखी.

डॉक्टरबाईंकडे पुढच्या शुक्रवारी जायचं आहे. त्या दिवशी तुम्हीही परस्पर जालन्याला आलात तर तिच्या एका बाजूला मी बसेन, एका बाजूला तुम्ही बसा.

ती खरीखुरी रडली की कळवीन. कशासाठीही रडो, पडली म्हणून, मी रागावले म्हणून, आजीची आठवण आली म्हणून. त्याच दिवशी पत्र टाकीन.

द्वारका